चांदणीखालची बारीक अक्षरं

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

दुपारी सोसायटीतली एक मुलगी शाम्पूची बाटली घेऊन आली. ठळक अक्षरांत ‘केसगळती नियंत्रण’, खाली कांद्याचं चित्र, शेजारी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) आणि कॅफीन. 300 मिली, 649 रुपये. ही तिची तिसरी. "काका, आता मोठा पॅक घेऊ का? सूट आहे."

त्या ‘नियंत्रण’च्या डोक्यावर एक चांदणी (*) आहे. तिचा अर्थ बाटलीच्या पाठीवर, पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलाय: केस तुटल्यामुळे होणारी गळती, कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत. म्हणजे केस मुळापासून गळत असतील तर हा दावा तुमच्यासाठी नाहीच, हे बाटलीनेच लिहून दिलंय. फक्त भिंग घेऊन वाचायचं!

तुटणं वेगळं, गळणं वेगळं. न्हाणीघराच्या जाळीतले वीसेक केस उचला, पांढऱ्या कागदावर ठेवा. टोकाला पांढरट बारीक गाठ दिसली तर केस मुळातून आलाय. गाठ नाही, लांबी कमीजास्त, टोक फाटलेलं, तर तो तुटलाय. तिच्या जवळपास सगळ्या केसांना गाठ होती. आणि तीन बाटल्या कशावर, तर तुटण्यावर.

आता तो कांदा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, पण 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लावता येतात. यादीत फिनॉक्सीइथॅनॉल शोधा. हे परिरक्षक, म्हणजे शाम्पू खराब होऊ नये म्हणून घालतात ते, आणि त्याची कमाल मर्यादाच 1 टक्का. त्याच्यानंतर जे जे येतं ते 1 टक्क्याच्या आत. तिच्या बाटलीत कांद्याचा अर्क, कॅफीन, बायोटिन तिन्ही त्याच्या मागे उभे. एका धुण्याला 8 मिली शाम्पू धरा. त्यात कांद्याचा अर्क जास्तीत जास्त दोनेक थेंब, तोही बहुतेकदा पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये कालवलेला. तो डोक्यावर दोन मिनिटं राहतो, मग गटारात.

कांद्यावर 2002 साली एक छोटा अभ्यास झाला होता, हे मान्य. पण तो चाई (डोक्यावर गोल टक्कल) पडलेल्या लोकांवर, कच्चा रस दिवसातून दोनदा चोळून. चाई हा वेगळाच आजार आहे. त्या अभ्यासाच्या जिवावर विरळ केसांना शाम्पू विकणं म्हणजे पडशाचं औषध मोडलेल्या हाडाला लावणं.

कॅफीनचंही तेच. अल्पेसिन या कॅफीन शाम्पूने केसगळती कमी व्हायला मदत होते, हा दावा ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने 2018 मध्ये पुरावा अपुरा म्हणून थांबवला. बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते, आणि शाम्पूतून ते मुळापर्यंत पोचत नाही. गोळ्या खात असाल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा, थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आणि ‘सल्फेट-फ्री’वाल्यांनो, सल्फेटने (शाम्पूतला फेस आणणारा, मळ काढणारा घटक) टाळू कोरडी पडते, केस राठ होतात, रंग लवकर उतरतो. मुळातून केस गळत नाहीत. मिठाचंही तसंच. सोडियम क्लोराइड शाम्पू दाट करायला घालतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

एक अपवाद नाइलाजाने देतो: किटोकोनॅझोल 2 टक्के. ते औषध आहे, कोंड्याच्या बुरशीवर चालतं. खाज आणि कोंडा असेल तर डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा, 3 ते 5 मिनिटं टाळूवर ठेवून. केसांच्या घनतेत थोडा फरक दिसल्याचे लहान अभ्यास आहेत. लहान.

डायमेथिकोन, पॉलीक्वाटर्नियम-10, ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड ही नावं मात्र कामाची आहेत. हे केसावर पातळ थर देतात, फणी सहज फिरते, तुटणं खरंच कमी होतं. चांदणीचा दावा यांच्याच जिवावर उभा असतो, श्रेय खातो कांदा. केस बारीक असतील तर सिलिकोन (म्हणजे ते डायमेथिकोन) यादीत खालीच बरं, नाहीतर केस चपटे बसतात आणि भांग आणखी रुंद दिसतो.

बरं, त्या मुलीचं. विचारलं, ताप वगैरे? "तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता." झालं की निदान निम्मं! मोठा ताप, बाळंतपण, कडक डाएट यांनंतर एकदम बरेच केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. नवीन केस खालून येतच असतात, पण महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतात. बहुतेकदा सहाएक महिन्यांत गळणं आपोआप थांबतं. श्रेय तेव्हा हातात असेल त्या बाटलीला.

ती रडवेली झाली होती, म्हणून जरा हळू आवाजात सांगितलं. रोज 50 ते 100 केस जाणं नेहमीचंच. चार दिवसांनी न्हायलीस तर चार दिवसांचे एकदम जाळीत दिसणार. धुवायला घाबरू नकोस. रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) बघून घे. भांग रुंदावत राहिला किंवा सहा महिन्यांनंतरही गळती तशीच राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञ. ते कदाचित मिनॉक्सिडिल हे केस वाढायचं औषध देतील. ते कोरड्या टाळूवर लावून ठेवायचं असतं, पहिले काही आठवडे गळणं वाढू शकतं, फरक दिसायला चारेक महिने, आणि गरोदरपणात नाही. यातलं कुठलंच काम फेसाने होत नाही.

मोठा पॅक रद्द केला तिने, माझ्यासमोरच. उरलेली बाटली टाकू नकोस म्हटलं. केस पूर्ण भिजव, टाळूलाच लाव, बोटांच्या पेरांनी मिनिटभर, नखांनी नाही. टोकांना कंडिशनर. डोकं स्वच्छ होतं त्याने, अगदी छान होतं.