फसफसणारी गोळी जिभेखाली ठेवायची नसते

गेल्या आठवड्यात चिपळूणहून आतेभावाचा फोन आला. आत्या बेसिनपाशी वाकून उभी होती. तोंडातून आणि नाकातून पांढरा फेस येत होता, श्वास अडकला होता. तिने फेफरं आल्यासारखं केलं म्हणून घरातले घाबरून गेले होते. प्रत्यक्षात तिने कफासाठी दिलेली ६०० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळवायची गोळी अर्धी करून जिभेखाली ठेवली होती. का, तर आमच्याच फॅमिली ग्रुपवर तसा फॉरवर्ड आला होता. "अरे, त्यात डॉक्टरांच्या नावानं लिहिलं होतं," ती नंतर म्हणाली. तो फॉरवर्ड ग्रुपवर अजूनही फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

त्यात म्हटलंय: फसफसणारी गोळी गार पाण्यात मिनिटभरात विरघळली नाही तर ती बनावट. तेलात विरघळत नाही, म्हणजे आत प्लास्टिक. कुजका वास आला तर माल सडलेला. औषध बुडबुड्यांत असतं, म्हणून फेस असतानाच प्या. जिभेखाली ठेवलीत तर थेट रक्तात जाते. आणि ही गोळी पाण्यातून जाते म्हणून बीपीवाल्यांनी कितीही घ्यावी, अपाय नाही.

आधी जिभेखालचं, कारण त्यात जीव जाऊ शकतो. या गोळीत औषधाबरोबर दोन गोष्टी असतात, खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व. कोरड्या असताना दोन्ही शेजारी शेजारी गुपचूप बसतात. पाणी लागलं की एकमेकांवर तुटून पडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. इनो घातल्यावर ढोकळ्याचं पीठ भांड्यात कसं वर चढतं ते प्रत्येक घरात बघितलेलं आहे. एक ग्रॅम सोड्यातून जवळजवळ तीनशे मिलिलिटर वायू निघतो, मोठा पेला भरून वर उरेल एवढा. तो पेल्यात निघाला तर हवेत जातो. तोंडात निघाला तर फेस घशाकडे सरकतो आणि माणूस दचकून श्वास आत ओढतो, म्हणजे फेस श्वासनलिकेत. वर आंबट गोळी एकाच जागी चिकटून राहिली तर तिथली त्वचा सोलवटते, आत्याची जीभ चार दिवस हुळहुळत होती. लहान मुलाच्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात असं काही देण्याचा विचारही करू नका.

हा गैरसमज कुठून आला असेल तेही कळतं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट अनेक घरांत असते आणि ती खरोखर तिथूनच रक्तात जाते. पण ती इवलीशी गोळी त्यासाठीच बनवलेली असते. पाण्यात टाकायची गोळी पाण्यातच टाकायची.

आता बनावट ओळखण्याची 'परीक्षा'. मी एकाच पाकिटातल्या तीन गोळ्या तीन पेल्यांत टाकल्या. फ्रिजच्या पाण्यात अडीच मिनिटं लागली, नळाच्या पाण्यात सव्वा मिनिट, कोमट पाण्यात चाळीस सेकंदांच्या आत काम झालं. गोळी तळाला बसते, बुडबुडे तिला उचलतात, शेवटी पापडाएवढी पातळ चकती तरंगत राहते आणि नाहीशी होते. गार पाण्यात रासायनिक क्रिया हळू होते, एवढाच त्याचा अर्थ. आणि खरा धोका उलट्या बाजूला आहे. सोडा आणि लिंबूसत्त्व वाण्याकडे सुटं मिळतं. कुणी नुसतं तेवढंच दाबून गोळी केली, औषधाचा कणही घातला नाही, तरी ती झकास फसफसेल. फेस बघून औषध खरं ठरवणारा माणूस नेमका तिथेच फसेल. बिल घ्या, बॅच नंबर बघा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. गोळी अजिबातच फसफसली नाही, तर ती वाया गेलेली असू शकते. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली गोळी हवेतलं पाणी पिते आणि आतल्या आत थोडी थोडी फसफसत राहते. पाकीट फुगलेलं दिसलं किंवा गोळी हाताला मऊ लागली तर टाकून द्या. पण ती दमटलेली असते, बनावट नव्हे.

तेलाचं तर करून बघा. शेंगदाण्याच्या तेलात माझी गोळी दगडासारखी पडून राहिली. वरून चमचाभर पाणी सोडलं. थेंब तेलातून खाली उतरले, गोळीला टेकले आणि तिथून बुडबुड्यांची माळ सुटली. प्लास्टिक वगैरे काही नाही, तेलात पाणी नसतं.

वासाचं उत्तर एका ओळीत: कफाच्या या औषधात, अ‍ॅसिटिलसिस्टिनमध्ये, गंधक असतं, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतोच. बुडबुड्यांत फक्त वायू असतो, औषध पाण्यात उतरलेलं असतं. गोळी पूर्ण विरघळू द्या, मग लगेच प्या.

राहिलं बीपीचं. सोडा म्हणजे सोडियम. एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे २७४ मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जवळपास पाऊण ग्रॅम मिठाइतकं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्या म्हणते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोव्हेंबर २०१३ ला ब्रिटनमधल्या सुमारे १३ लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास आला. सोडियम असलेल्या विरघळणाऱ्या गोळ्या घेणारे एकीकडे, तीच औषधं बिनसोडियमची घेणारे दुसरीकडे. पहिल्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि त्यातून येणारे मृत्यू यांची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त आढळली, आणि रक्तदाब वाढल्याचं निदान होण्याची शक्यता सातपट. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, त्यातून कारण पक्कं सिद्ध होत नाही. दोनचार दिवस गोळी घेणाऱ्याने घाबरायचंही कारण नाही. पण 'कितीही घ्या' हे बीपीच्या माणसाला सांगणं घातक आहे.

आत्या तीन वर्षं आळणी आमटी खाते. लोणच्याची बरणी तिने स्वतः शेजारी देऊन टाकली. आणि महिनाभर ती रोज दोन वेळा या गोळ्या घेत होती, त्यातलं मीठ तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परवा आतेभाऊ रिकामं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे गेला, त्यांनी औषध तेच ठेवलं आणि न फसफसणारी साधी गोळी लिहून दिली.