कॅटेकिझमनंतर फुटबॉल चालतो, मग सबकानंतर क्रिकेट का खुपते?

आज सकाळी आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक छायाचित्र येऊन पडले. कापणी झालेल्या भातशेतात गोल टोप्या घातलेली आठ-दहा मुले, एकाच्या हातात बॅट, आणि मागे पंच म्हणून उभा असलेला दाढीवाला तरुण. खाली कोणीतरी लिहिले होते, "मदरशात आता हे काय नवीन?" त्याखाली विचारात पडलेले दोन-तीन पिवळे चेहरे, आणि मग एका सद्गृहस्थांचा सल्ला : "लक्ष ठेवायला हवे."

लक्ष मी ठेवतेच आहे, कारण ते शेत माझ्या घराच्या मागच्या अंगाला आहे आणि संध्याकाळचा चहा मी त्याच बाजूच्या पायरीवर बसून घेते. त्यामुळे ज्यांना माहिती हवी असेल त्यांच्यासाठी ती देते. हा निवासी मदरसा नव्हे. मशिदीला लागून असलेल्या खोलीत चालणारा हा वस्तीतला मकतब आहे. तिथे येणारी मुले सकाळी तुमच्या-आमच्या नातवंडांबरोबर शाळेत असतात, दीड वाजता घरी जेवायला जातात, आणि दुपारनंतर कायदा (अरबी अक्षरओळखीचे पुस्तक) व कुराणाचे वाचन शिकायला येतात. मागच्या पावसाळ्यानंतर तिथल्या तरुण उस्तादांनी, म्हणजे शिक्षकांनी, असे ठरवले, की असरच्या (दुपार उतरल्यावरच्या) नमाजाआधी सबक, म्हणजे त्या दिवसाचा पाठ, संपवायचा आणि असरपासून मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) अजानीपर्यंत मुलांना शेतात खेळू द्यायचे. सबक पाठ नसेल त्याने शेवटच्या क्रमांकावर फलंदाजी करायची, एवढा एकच नियम. यात लक्ष ठेवण्यासारखे काही असेलच तर ते उस्तादांच्या ऑफस्पिनवर ठेवावे. चेंडू टाकताना त्यांचे कोपर मला जरा संशयास्पद वाटते.

त्या छायाचित्रात यष्टीमागे वाकून उभा असलेला मुलगा माझा विद्यार्थी आहे. आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तो माझ्या वर्गात होता आणि सबंध वर्षात तो वर्गात बोललेला मला आठवत नाही. घरी दखनी, आईचे माहेर हुबळीकडचे, वाड्यावर कोंकणी आणि पुस्तक मराठी. प्रश्न विचारला की तो बाकाच्या कडेकडे पाहत राही. तोच मुलगा आता यष्टीमागून तासभर अखंड बडबडत असतो, गोलंदाजाला दखनीत धीर देतो, मेरेवर (शेताच्या बांधावर) उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला कोंकणीत शिव्या घालतो (उस्तादांना ऐकू जाणार नाहीत इतपत हळू), आणि एकदा मी शेत ओलांडत असताना मला खणखणीत मराठीत म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, बॉल लागेल!" त्याच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले पूर्ण वाक्य. आम्ही प्रशिक्षण शिबिरांत बसून जे साधायचा प्रयत्न करत होतो, ते एका टेनिस बॉलने केले.

आता या मुलाचे छायाचित्र, त्याच्या आईबापांना न विचारता, कोणीतरी दुरून काढते, आणि आयुष्यभर मुलांना शिकवलेली माणसे ते पुढे पाठवतात, याचा मला जो संताप आला आहे तो मी आवरून लिहिते आहे हे कृपया लक्षात घ्यावे.

आपण गोव्यात राहतो. इथे गावोगावी चर्चच्या शेजारी फुटबॉलचे मैदान आहे, आणि रविवारी मिस्सा व कॅटेकिझम (ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा वर्ग) आटोपून मुले तिथे चेंडू लाथाडतात, हे पाहतच आपण मोठे झालो. गोव्यात फुटबॉल आला तोच एका पाद्रीच्या हातून, १८८३ साली शिवोलीत, असे आपण अभिमानाने सांगतो. २०१२ साली तो राज्याचा खेळही झाला. आमच्या देवळात मुलांचा भजनाचा वर्ग संपला की तीच मुले अग्रशाळेसमोर (देवळाच्या धर्मशाळेसमोर) लगोरी आणि क्रिकेट खेळतात, आणि पुजारीबुवा क्षेत्ररक्षणाच्या सूचना देतात. या दोन्ही ठिकाणी कोणी कधी "हे काय नवीन" असे विचारले नाही. धर्म शिकून झाल्यावर मुलांनी धावावे, घामाने भिजावे, भांडावे आणि घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाव्यात, हे सर्वांच्या बाबतीत चांगले आणि फक्त टोपीवाल्यांच्या बाबतीत संशयाचे, हा न्याय कुठला? आणि गटावर कोणीतरी "ही बाहेरची पोरे" असेही लिहिले आहे. पाठीवरची पिशवी आमच्या शाळेची, जन्म इथल्या इस्पितळातला, आणि तरी ती बाहेरचीच! १५६० साली बांधलेली साफा मशीद आपल्या फोंड्यात उभी आहे. ज्याला आत-बाहेरचा हिशेब मांडायचा असेल त्याने तो तिथून मांडायला घ्यावा.

मी चहा करून आले. जरा शांत झाले आहे.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण विरोध एकीकडूनच आहे असे नाही. मशिदीच्या जमातीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना हा खेळ म्हणजे वेळेची नासाडी वाटते. मुले दीन (धर्म) शिकायला येतात, षटकार मारायला नव्हे, असे ते उस्तादांना सर्वांसमोर म्हणाले. माझ्या कानावर हे आले तेव्हा मला इरफान पठाणची आठवण झाली. त्याचे वडील बडोद्यात मशिदीत अजान देत असत, इरफान आणि युसुफ हे दोघे भाऊ त्याच मशिदीच्या आवारात वाढले, आणि मुलांनी धर्मविद्येकडे जावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्या आवारात खेळून मोठ्या झालेल्या मुलाने २००६ साली कराची कसोटीच्या पहिल्याच षटकात तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. दीनही राहिला आणि देशही राहिला. आपल्या वास्कोचा शादाब जकाती चेन्नईच्या संघातून आयपीएल खेळला, तेव्हा याच वस्तीतल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तरी माझे म्हणणे प्रत्येक मुलगा जकाती किंवा पठाण व्हावा असे मुळीच नाही. आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा केल्या, पण त्यासाठी त्यांना आधी मुंबई गाठावी लागली होती. शेतातल्या या मुलांपैकी बहुधा कोणीही कुठे खेळणार नाही. यष्टीमागचा माझा तो बडबड्या मुलगा तर चेंडू येताना अजून डोळे मिटतो. सुरुवातीला कितीतरी दिवस तो शेवटच्या क्रमांकावरच फलंदाजीला यायचा, कारण सबक कच्चा. म्हणजे बहुतेक संध्याकाळी त्याची पाळी येण्याआधीच अजान व्हायची. मग एके दिवशी तो तिसऱ्या क्रमांकावर उतरला. पाठ केलेले त्याने उस्तादांना घडाघडा म्हणून दाखवले होते, असे त्याच्या धाकट्या भावाने मला येऊन सांगितले, जणू मी निवड समितीवर आहे. तोंड उघडायची सवय शेतात लागली आणि ती मकतबात कामी आली, की मकतबात लागली आणि शेतात आली, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायचेही नाही.

धर्मावरून संघ पाडू नयेत असा आक्षेप कोणी घेतला, तर तो मला मान्य आहे. मुंबईच्या त्या जुन्या चौरंगी, पंचरंगी क्रिकेट सामन्यांतली संघांची हिंदू, पारशी, मुस्लिम अशी वाटणी गांधीजींनाही पटली नव्हती, आणि १९४६ साली ती बंद झाली हे बरेच झाले. पण ज्यांना ही काळजी आहे त्यांनी एकदा पायरीवर येऊन पाहावे. दहा मुलांत दोन संघ होत नाहीत म्हणून आमच्या वाड्यावरची पोरे पहिल्या आठवड्यापासूनच क्षेत्ररक्षणाला जातात, आणि आता त्यांना फलंदाजीही मिळते. त्यांना सबकाचा नियम लागू नाही. उस्ताद त्यांना शाळेचा गृहपाठ झाला का एवढे विचारतात. हे त्या छायाचित्रात दिसले नाही, कारण कॅमेरा फक्त टोप्यांकडे रोखलेला होता.

मात्र एका गोष्टीवर मी उस्तादांनाही सोडलेले नाही. मकतबात मुली आहेत, जवळजवळ मुलांइतक्याच, आणि खेळाच्या वेळी त्या दप्तरे सांभाळत कुंपणाशी उभ्या असतात. त्या बडबड्याची बहीण त्याच्यापेक्षा लांब चेंडू फेकते. कुंपणाबाहेर गेलेला चेंडू तीच परत टाकते आणि तो थेट यष्टीपर्यंत येतो. मी हे त्यांना स्पष्ट बोलून दाखवले. त्यांनी वाद घातला नाही. घरची माणसे काय म्हणतील, संध्याकाळ होते, वगैरे सांगितले, आणि मग म्हणाले, "रविवारी सकाळी कोणी बाई उभी राहणार असेल तर मुलींचा खेळ घेऊ." मी उभी राहणार आहे. मला पंचगिरीतले पायचीत सोडून सगळे समजते.

म्हणून आता कामाचे लिहिते. गटावर काळजी व्यक्त करणाऱ्यांच्या घरी मोठी झालेली नातवंडे आहेत आणि माळ्यावर त्यांचे जुने साहित्य पडून आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. लहान मापाचे कीपिंगचे ग्लोव्हज सर्वात आधी हवेत. सध्या तो मुलगा दोन वेगवेगळ्या जोड्यांतले एकेक घालतो. मुलींसाठी हलकी बॅट हवी, चार नंबरची चालेल. फोंड्याच्या आसपास असाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, मेसेज करा. लेदरचा चेंडू मात्र कोणी देऊ नये. शेताच्या पलीकडच्या बाजूला आमच्या शेजारणीच्या काचेच्या खिडक्या आहेत आणि ती ही पोस्टही वाचणार आहे.