कृपया हो किंवा नाही म्हणा

तक्रार नोंदवायला फोन लावला की हल्ली माणूस सापडत नाही, बाई सापडतात. बाई म्हणजे यंत्र. आवाज मात्र इतका मधाळ, की तक्रार करायचीच लाज वाटावी. "आपली अडचण थोडक्यात सांगा," म्हणाल्या. थोडक्यात सांगता आली तर ती तक्रार कसली? मी इंटरनेट बंद पडल्यापासूनचा साद्यंत इतिहास सुरू केला. दम खायला जरा थांबलो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आपल्याला नवीन जोडणी हवी आहे का? कृपया हो किंवा नाही म्हणा."

"नाही हो!" मी कळवळून म्हणालो.

"धन्यवाद. नवीन जोडणीची विनंती नोंदवून घेत आहोत."

माझी भाची अशाच यंत्रांना माणसांचं बोलणं ऐकायला शिकवते. सगळा वैताग मी तिच्यावर काढला. ती शांतपणे म्हणाली, "मामा, मुळात तुझा आवाज तिकडे गेलाच नाही."

"म्हणजे? मी काय मुक्यानं बोलत होतो?"

"गेली ती त्याची मापं."

साधा फोन म्हणे आवाजाची लाट सेकंदाला ८,००० वेळा मोजतो आणि त्याआधीच ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) बाहेरचं बहुतेक सगळं छाटून टाकतो. 'स' आणि 'फ' वेगळे कळतात ते ज्या सळसळीमुळे, ती मुख्यतः या पट्ट्याच्या वर. म्हणून तर फोनवर नाव सांगताना "फ हो, फ! फुलातला फ!" असं कोकलावं लागतं.

मोबाइल त्याहून कंजूष. साध्या फोनला सेकंदाला ६४ किलोबिट लागत. सुरुवातीच्या जीएसएम मोबाइलनं तेच काम १३ मध्ये उरकलं. कसं, तर आवाज पाठवायचाच नाही. वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात घशापासून ओठांपर्यंतच्या नळीचा आकार कसा होता याचे मोजके आकडे, तिच्यात हवेची कंपनं कशी शिरत होती याचे मोजके आकडे, एवढंच धाडायचं. पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्यानं घडवतो. या हिशेबाचा पाया अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या बिष्णू अटल यांनी आणि जपानमध्ये फुमितादा इताकुरा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस घातला. म्हणजे इतकी वर्षं नातेवाइकांशी मोबाइलवर मी भांडलोच नाही. भांडला तो त्यांच्या फोनमधला माझा तोतया! हे आधी कळतं तर काही संबंध वाचले असते.

"पण मी तर शब्द सुटे करून बोलतो," मी म्हणालो.

"तेच नको करूस." बोलताना शब्दांच्या मध्ये सहसा मोकळी जागा नसतेच, असं तिनं मला समजावलं. उलट 'क', 'ट', 'प' म्हणताना तोंड क्षणभर बंद होतं, त्यामुळे शांतता असते ती शब्दाच्या पोटात. यंत्राला मात्र माणूस बोलायचा थांबला हे बऱ्याचदा शांततेवरूनच ओळखावं लागतं. मी 'तक्रार' हा शब्द सावकाश, सोडवून म्हणायला गेलो, की पहिल्या अक्षरानंतरच बाईंच्या मते माझं संपलेलं असतं.

मग माझी समजूत घालायला तिनं ऑड्रीची गोष्ट सांगितली. १९५२ साली बेल लॅब्जमध्ये केलेलं, माणसाएवढ्या उंच सांगाड्यातलं यंत्र. त्याला फक्त आकडे कळत, तेही थांबून थांबून म्हटले तर, आणि तेही ज्याच्या आवाजावर ते जुळवलेलं असेल त्यानं म्हटले तर. एकाच माणसाचं ऐकायचं आणि आकड्यांपलीकडे काही कळून घ्यायचं नाही, असे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. ते सहा फुटी सांगाड्यातही येतं हे नवीन होतं.

"आणि ओरडू तर मुळीच नकोस," भाची म्हणाली. हे जड गेलं. आपण ओरडलो की स्वर लांबतात, पट्टी चढते, आवाजाची घडणच बदलते. आणि यंत्र शिकलेलं असतं बहुतकरून शांत बोलण्यावर. राग जितका खरा, तितकं त्याला कमी कळणार. तक्रार ऐकायला बसवलेल्या यंत्राची ही अवस्था!

"बरं, नाही ओरडत. रुसून गप्प बसेन," मी म्हणालो. "शांतता तरी पोचेल ना?"

"तीही नाही, मामा." आपण गप्प बसलो की बरेच मोबाइल पाठवणंच जवळजवळ थांबवतात, बॅटरी वाचते. पण कानात अगदीच निःशब्द झालं तर पलीकडच्याला लाइन तुटल्यासारखं वाटतं. म्हणून त्याचा फोन स्वतःच बारीकशी खरखर तयार करून त्याला ऐकवत राहतो. तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात.

"कम्फर्ट? कुणाला?" मी विचारलं.

"अर्थात ऐकणाऱ्याला," भाची म्हणाली. "तू गप्प आहेस ना!"