टँकमधल्या गोगलगायींवर मोरचूद टाकू नका भाऊ, तो मेसेज चुकीचा आहे

नागपूरच्या मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरून राहिला, तुमच्याकडेही आला असेल. टँकमध्ये गोगलगायी नाहीतर पांढरे किडे दिसले की मासे मरणार समजा, लगेच पूर्ण पाणी काढा, गोटे अन् फिल्टर गरम पाण्यानं धुवा, नव्या पाण्यात चिमूटभर मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) अन् मूठभर मीठ टाका, वरून गोगलगायी खाणारा एक पफर मासा सोडा, जन्मभर टेन्शन नाही. लोक खरंच असं करून राहिले आणि मग मेलेल्या गप्पी माशांचे फोटो टाकून विचारतात की काय चुकलं. मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण ते मासे किड्यांनी नाही, या उपायानं मेले. म्हणून एकेक मुद्दा घेतो, आणि आधी मोरचूदच घेतो कारण सगळ्यात घातक तेच आहे.

मोरचूद आपल्याकडे सहज सापडतं. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असलेल्यांच्या घरी तर असतंच, चुन्यात कालवून बोर्डो पेस्ट करतात, झाडाच्या बुंध्याला डिंक्या लागू नये म्हणून. त्यामुळे लोकांना वाटतं घरचीच वस्तू आहे, चिमूटभरानं काय होते. तर हिशोब करून बघा. चिमूट म्हणजे अर्धा ग्रॅम धरा, मोरचूदात साधारण पाव भाग तांबं असते, म्हणजे १२५ मिलिग्रॅम तांबं, ते ४० लिटरच्या टाकीत गेलं की लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर झालं. माशांच्या औषधात जेव्हा तांबं वापरतात तेव्हा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात, तेही टेस्ट किटनं रोज मोजून. म्हणजे तुमची चिमूट त्याच्या पंधरा पट! गोगलगायी मरतात हे खरं आहे, पण त्या मेल्या की गोट्यांखाली सडतात, अमोनिया चढतो, आणि तांब्यातून वाचलेला मासा त्या अमोनियात जातो. शिवाय तांबं गोट्यांत आणि मातीत धरून बसते, पुढं कधी झिंगे आणले तर तेही टिकत नाहीत.

यावर कोणीतरी म्हणतंच, "मी टाकलं होतं, माझ्या माशांना काही नाही झालं." होऊ शकतं तसं, बोअरचं पाणी हार्ड, म्हणजे क्षारांचं असलं की तांब्याचं विष कमी चढते. तीच चिमूट सॉफ्ट पाण्यात पडली तर टँक साफ. एकाच्या घरी जमलं म्हणून शंभर लोकांना तेच पाठवायचं ही गोष्टच मला पटत नाही.

आता "गोगलगाय दिसली म्हणजे मासे मरणार" हे. नाही मरत! आपल्या टँकमध्ये फुकटात येतात त्या बहुतेक तीन जातीच्या, ब्लॅडर, चपट्या चकलीसारखी रॅम्सहॉर्न, आणि लांब टोकदार शंखाची ट्रम्पेट. त्या उरलेलं खाणं, सडकी पानं, काचेवरचं शेवाळ खातात, धडधाकट झाडाला सहसा हात लावत नाहीत, माशाला तर नाहीच. मेलेल्या माशावर गोगलगायी बसलेल्या दिसतात म्हणून लोकांना वाटतं त्यांनीच मारला, पण त्या मेल्यावर आल्या असतात. ब्लॅडर स्नेल एकटी असली तरी अंडी देऊ शकते, पानाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून बघा, पारदर्शक जेलीचा लहानसा गोळा आणि त्यात बारीक ठिपके दिसतील, तीच अंडी. ट्रम्पेट तर अंडीच देत नाही, सरळ पिल्लं देते, नराचीही गरज नसते तिला, आणि दिवसभर रेतीत दडून राहते म्हणून रात्री लाइट लावला की धक्का बसतो. पण इतक्या वाढायला त्यांना खायला लागतंच नं? ते आपणच टाकतो. घरात तीन जण येता-जाता दाणे टाकतात, मासा दोन मिनिटं खातो, बाकी सगळं खाली जाते.

पांढऱ्या किड्यांबद्दल तर मेसेजमध्ये सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलंय, आणि इथं ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. केसासारखा बारीक, पाण्यात वळवळत पोहणारा जो असतो तो डेट्रिटस वर्म, गोट्यांतल्या घाणीवर जगतो, माशांना काही करत नाही, खाणं कमी करा आणि सायफननं, म्हणजे घाण ओढणाऱ्या नळीनं, गोटे साफ करा की जातो. काचेवर न वळवळता सरळ सरकत जातो, डोकं बाणाच्या टोकासारखं अन् त्यावर दोन डोळे, तो प्लॅनेरिया. तो झिंग्यांच्या पिल्लांना आणि अंड्यांना खातो, म्हणून झिंगे पाळणाऱ्यांनी त्याला मनावर घ्यावं. आणि पानाला किंवा काचेला चिकटलेला, तोंडाशी बारीक धागे पसरलेला तो हायड्रा, नुकत्या निघालेल्या पिल्लांना डंख मारून गिळतो, मोठ्या माशांना त्याचा त्रास नाही. या दोघांना ब्लेडनं खरवडू नका, तुकड्यातून परत पूर्ण जीव तयार होतो. अब्राहम ट्रेंबली या निसर्गशास्त्रज्ञानं १७४० च्या दशकातच हायड्रा कापून हे दाखवून दिलंय.

प्लॅनेरियासाठी फेनबेंडाझोल चालते, कुत्र्यांच्या जंताचं औषध, हायड्रावरही चालते, पण शोभेच्या नेराइट आणि मिस्ट्री स्नेल त्यात मरतात, त्या आधी दुसरीकडं हलवा आणि मात्रा काट्यावर मोजूनच टाका. प्लॅनेरियाची एक तयार पावडर मिळते तिच्यात सुपारीचा अर्क असतो, हे ऐकून काही जण खर्र्यातली सुपारी टाकायचं म्हणतात. अजिबात नाही! खर्र्यात तंबाखू अन् चुना आहे, निकोटिन माशांसाठी विष आहे.

पूर्ण पाणी काढून फिल्टर गरम पाण्यानं धुवायचा, हा तर चांगल्या चाललेल्या टाकीचा खून आहे. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि गोट्यांवरच राहतात, ते मेले की टँक पहिल्या दिवसावर जाते, नवीन पाण्यात दोन-तीन दिवसांत अमोनिया. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो, गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, अमोनियाही जास्त जहाल होतो. एवढं करून एखादं अंडं नाहीतर झाडाच्या मुळातली ट्रम्पेट वाचतेच. स्पंज धुवायचाच तर टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा.

मिठाचं थोडक्यात. मासे आणि झाडं सहन करतील एवढ्या मिठानं गोगलगाय मरत नाही, ट्रम्पेट तर मचूळ पाण्यातही जगते. त्याहून जास्त टाकलं तर झाडं मात्र गळतात.

पफर खरंच गोगलगायी खातो, पण त्या संपल्यावर काय? आपल्याकडं मिळतो तो पी पफर, पश्चिम घाटातल्या केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला, इंचभराचा मासा, निसर्गात त्याची संख्या धोक्यात आलेली. तो सुका दाणा सहसा खात नाही, जिवंत किंवा फ्रोजन खाणं लागते, आणि गप्पी-फायटरची शेपटी कुरतडतो. जीव आहे तो, झाडू नाही. गोगलगायी खाणाऱ्या बोटिया माशाचंही तसंच, दुकानात बोटाएवढा क्लाउन बोटिया एक फुटापर्यंत वाढतो आणि त्याला सोबतीला त्याच्यासारखे चार-पाच लागतात.

मग करायचं काय? खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, आठवड्यात एक दिवस उपास चालतो त्यांना. रात्री लाइट बंद करताना पत्ताकोबीचं पान किंवा काकडीची चकती उकळून, दोऱ्याला बांधून तळाशी सोडा, सकाळी लाइट लावायच्या आधी उचला, खाली गोगलगायींचा थर असतो. काही आठवडे रोज केलं की संख्या आपोआप बसते. नवीन झाड आणलं की सरळ टँकमध्ये न टाकता बादलीत दोन-तीन आठवडे ठेवा, तुरटीच्या पाण्यात बुडवायचं तर तेही बादलीतच, टँकमध्ये तुरटी नको, पीएच पडतो, म्हणजे पाणी आंबट होते.

काढलेल्या गोगलगायी फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका, नालीतही नको, तिथल्या पाण्यात आधीच नको ते पुष्कळ वाढून राहिलंय. डब्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कुंडीच्या मातीत पुरा, शंखातलं कॅल्शियम मातीत जाते.