कळसूबाईचा हिशेब बर्फात लागत नाही

नोव्हेंबर लागला की ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला भाच्याने पाठवला, खाली ‘मामा, वाचच’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: सह्याद्रीत तयार झालेल्या पोराला हिवाळ्यातला हिमालय म्हणजे किरकोळ. कळसूबाई एका दमात चढता ना? मग उत्तराखंडातल्या केदारकंठाचे चार-पाच दिवस काय घेऊन बसलात! एक जाड जॅकेट, खिशात उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्यांची पट्टी, रात्री दोन घोट रम. थंडीत तहान लागत नाही, तेव्हा पाण्याचा फार विचार नको. गाईड म्हणजे पैसे उकळायचा धंदा, वाट मोबाईलवर दिसते.

भाचा मुलुंडचा. कसारा लोकलच्या वेळा त्याला तोंडपाठ, पाय दणकट. म्हणूनच हा मेसेज त्याला पटला आणि म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

आधी कळसूबाई. माथा 1,646 मीटर. केदारकंठाची चढाई जिथून सुरू होते ते सांकरी गावच त्याहून उंचावर आहे, आणि शिखर साधारण 3,800 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. उंचीचा त्रास तुमचा स्टॅमिना विचारून येत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि आधी आडवा होतो. सह्याद्रीने आपल्याला खूप दिलंय, हे मेसेजवाल्याचं खरं. घसाऱ्यावर पाऊल टाकायची सवय, दरीकडे बघून पोटात गोळा न येणं, पाठीवर सॅक. पण थंडीची सवय कुठून येणार? सांताक्रूझचा आजवरचा नीचांक 7.4 अंश, तोही 1962 च्या जानेवारीतला. आपल्याकडे रात्री कुडकुडलात तरी सकाळी वाडीत चहा मिळतो आणि नऊला ऊन चटके देतं.

जाड जॅकेटचा धडा मी स्वतः गिरवलाय. पहिल्या हिवाळी ट्रेकला सकाळी ते चढवूनच निघालो. अर्ध्या तासात आतला सुती टी-शर्ट चिंब. फोटोसाठी थांबलो आणि पाठीवर कुणी ओला टॉवेल टाकल्यासारखं झालं; संध्याकाळपर्यंत अंगात ऊब आली नाही. त्या रात्री ओले बूट तंबूच्या दारात ठेवले. सकाळी नाड्या खराट्याच्या काड्यांसारख्या ताठ, जिभा लाकडासारख्या. हातमोजे घालून गाठ सुटेना, काढले तर बोटं बधिर. बूट पायात जायला पाऊण तास गेला. तेव्हापासून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालतो: आत घाम धरून न ठेवणारा थर, वर फ्लीस, वारा असेल तर पातळ विंडचीटर. पिसांचं जॅकेट फक्त थांबल्यावर. आणि स्लीपिंग बॅगवर हजारो रुपये घालवून खाली पातळ मॅट टाकणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. रात्रभर जमीन ऊब ओढून घेते.

आता पाणी. इथे मेसेज सपशेल झोपलाय. तहान लागत नाही हे बरोबर, पण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासागणिक पाणी जातंच. चौघांना पिण्या-रांधण्याला दिवसाला 14-15 लिटर तरी लागतं, आणि ओढा गोठला असेल तर ते बर्फातून काढायचं. मुंबईत 25 अंशांचं एक लिटर पाणी उकळायला 75 किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो बर्फ नुसता वितळवायलाच 80, पुढे उकळायला आणखी 100. म्हणजे घरच्या अंदाजाच्या जवळजवळ अडीचपट इंधन. त्यात ताजा बर्फ बहुतांश हवाच, काठोकाठ भरलेलं पातेलं वितळलं की तळाला दोन बोटं पाणी उरतं. शिवाय आधी तळाला घोटभर पाणी घालावं लागतं, नाहीतर पातेलं करपतं. हो, बर्फ करपतो! आणखी एक मेख: शेगडीच्या डब्यातला ब्युटेन गॅस शून्याच्या जरा खालीच उकळतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत डबा हलवला की आत डुचमळतं, शेगडी मात्र पेटत नाही. प्रोपेन मिसळलेला डबा हवा. तो विमानातून नेता येत नाही, तेव्हा डेहराडूनला मिळेल का हे घरूनच फोन करून विचारायचं. आणि कितीही गारठा असो, बंद तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

गोळी आणि रम एकाच वाक्यात लिहिणाऱ्याचं कौतुक वाटलं. डायमॉक्सने शरीर उंचीशी लवकर जुळवून घेतं, पण ती डॉक्टरला विचारूनच, आणि त्रास वाढला तर इलाज एकच, खाली उतरणं. रमने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते.

राहिला गाईड. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारं बर्फाचं वादळ, आला की एका रात्रीत पाऊलवाट गाडली जाते. मोबाईलवरची रेघ तशीच दिसते, पण तिच्या वरच्या उतारावर ताजा बर्फ किती बसलाय हे ती सांगत नाही. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. गावातल्या माणसाला कुठली धार टाळायची ते ठाऊक असतं. परदेशी व्हिडिओत सुचवतात ती सॅटेलाईटवर मेसेज पाठवणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, पोलीस पकडतात. आणि गाईड असला तरी जास्तीचा एक दिवस हाताशी हवाच. जून 2024 मध्ये, ऐन उन्हाळ्यात, उत्तराखंडच्या सहस्त्रताल ट्रेकवर वादळात अडकून 9 जण गेले. परतीचं तिकीट काढताना त्यांची आठवण ठेवा.

मोबाईलची बॅटरी थंडीत कशी बसते यावर भाच्याचा विश्वास बसेना. म्हटलं, ये घरी. गेल्या रविवारपासून त्याच्या हेडटॉर्चचे साधे सेल आमच्या फ्रीझरमध्ये, मटारांशेजारी आहेत. ते दोन वेळा ओट्यावर काढून ठेवून आई विचारतेय, हे इथे कुणी ठेवलं?