जेफरसन यांना गव्हर्नर कोणी निवडले?

थॉमस जेफरसन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) १७७९ मध्ये ‘जनतेतून’ अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे गव्हर्नर झाले, हे लेखातील विधान कृपया दुरुस्त करावे. तेथील १७७६ च्या राज्यघटनेनुसार विधिमंडळाची दोन्ही सभागृहे मिळून दरवर्षी गव्हर्नर निवडीत. त्याला नकाराधिकार नव्हता आणि लागोपाठ तीन वर्षांहून अधिक काळ पदावर राहता येत नसे. १ जून १७७९ रोजी पहिल्या फेरीत जेफरसन यांना ५५, जॉन पेज यांना ३८ आणि थॉमस नेल्सन यांना ३२ मते पडली. कोणालाच बहुमत न मिळाल्याने दुसरी फेरी झाली आणि तीत जेफरसन पेज यांच्यावर ६७ विरुद्ध ६१ असे, अवघ्या सहा मतांनी निवडून आले.

पेज हे त्यांचे कॉलेजपासूनचे जिवलग मित्र. समर्थकांच्या उत्साहापायी आपण दोघे एकमेकांसमोर उभे ठाकलो याचे वाईट वाटते, असे जेफरसन यांनी दोनच दिवसांनी त्यांना कळवले; मला हे पत्र त्या आकड्यांहून मोलाचे वाटते. या पद्धतीतील धोका मात्र जून १७८१ मध्ये उघड झाला. जेफरसन यांची मुदत संपली, विधिमंडळ भरले होते त्या शार्लट्सव्हिल गावावर ब्रिटिश घोडदळ चालून आले, आमदार पांगले आणि १२ जूनला नेल्सन यांची निवड होईपर्यंत ऐन स्वातंत्र्ययुद्धात राज्याला निवडून आलेला गव्हर्नरच उरला नाही. गव्हर्नर निवडण्याचा हक्क मतदारांना मिळाला तो १८५१ च्या राज्यघटनेने.