एअर इंडियाला सोडा

चर्चगेटहून शेअर टॅक्सी केली की ‘कुठं सोडू?’ या प्रश्नावर बाबांचं उत्तर ठरलेलं: ‘एअर इंडिया’. विमानात ते आयुष्यात बसले नाहीत. त्यांचं ऑफिस बाजूच्या इमारतीत होतं, पण खूण नरिमन पॉइंटवरच्या एअर इंडियाच्या या 23 मजली इमारतीचीच.

भराव घालून समुद्रातून काढलेल्या जमिनीवर 1974 साली ही इमारत उभी राहिली. आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी यांचा, आणि तेव्हा कंपनीचे अध्यक्ष जेआरडी टाटा. (गंमत बघा, ज्या खुर्शेद नरिमनांनी 1920च्या दशकात बॅकबे भरावातला भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला, त्यांचंच नाव या भरावाला!) 12 मार्च 1993 च्या साखळी स्फोटांत इथे ठेवलेल्या गाडीचा स्फोट झाला. त्या दुपारी शहरभरात 257 माणसं गेली. बाबा उशिरा, चालत घरी आले. जेवले नाहीत, बोललेही नाहीत.

2013 ला एअर इंडियाचं मुख्यालय दिल्लीला गेलं. 2022 मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे आली, इमारत मात्र व्यवहारात नव्हती. मग राज्य सरकारने आपल्या कार्यालयांसाठी ती 1,601 कोटींना घ्यायचं ठरवलं आणि मार्च 2024 मध्ये केंद्रानेही होकार दिला.

‘जमीन आपलीच, भाडेपट्ट्याने दिलेली, वर राज्याने थकबाकीही माफ केली, मग एवढे पैसे कशाला?’ असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. तरी मला हा सौदा पटतो. 2012 च्या आगीनंतर मंत्रालयातली किती खाती कुठंकुठं पांगली, ते ज्यांनी फायलीमागं चपला झिजवल्यात त्यांना विचारा. शिवाय खासगी बिल्डरच्या हाती गेली असती तर आपल्याला गेटवरूनच हाकललं असतं.

माझा आक्षेप पुढचा आहे. समुद्राकडच्या खिडक्या मंत्र्यांच्या दालनांना आणि गडचिरोली-नंदुरबारहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस पाससाठी उन्हात, असं नको. तळमजला लोकांना द्या. बसायला बाकडी, पाणी, स्वच्छ संडास आणि अर्ज लिहायला टेबल. एका भिंतीवर इमारतीचे जुने फोटो लावा, 93 चेही.

आणि नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. टॅक्सीवाला ऐकणार नाही.